पस्तीस प्रश्नांच्या फॉर्मात मी ‘खादाड’ निघाले

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या बाई ४२ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. घरी नवरा आणि १४ वर्षांची मुलगी. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या आरोग्य तपासणीत त्यांच्याकडून खाण्याच्या सवयींचा ३५ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. ‘अन्न दिसलं की खावंसं वाटणं’ यात पाचपैकी ४.२५ आले, ‘मन बिघडलं की जास्त खाणं’ यात ४ आणि ‘पोट भरल्याची जाणीव’ यात फक्त २. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २९. तिथल्या सल्लागार म्हणाल्या, “तुमच्या वजनाचं कारण सापडलं. तीन महिन्यांत हे आकडे तीनवर आणा, वजन आपोआप उतरेल.” बाईंनी घरी तोच फॉर्म पुन्हा भरला, तर ४.२५ च्या जागी ३.७५ आले. थोरल्या बहिणीला भरायला लावला, तर तिचे आकडे जवळजवळ यांच्यासारखेच, आणि ती मात्र पहिल्यापासून सडपातळ. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की नवरा हसत म्हणतो, “रिपोर्टमध्येच आलंय तुझ्या.” आजवर तीनदा कडक डाएट झालंय. शेवटच्या वेळी सात किलो उतरले आणि नऊ चढले. त्या विचारतात: मी फॉर्म खोटा भरला का? मुळात मी खादाडच आहे का? चौथ्यांदा कडक डाएट करू का? आणि मुलीचंही वजन वाढतंय, तर तिलाही हा फॉर्म भरायला देऊ का?

उत्तर:

आधी ४.२५ आणि ३.७५ चा हिशेब मिटवू, कारण तुमची झोप त्याने उडवलेली दिसते. फॉर्ममधल्या त्या भागात चारच प्रश्न असतात. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि चारांची सरासरी. म्हणजे एका प्रश्नाला तुम्ही ‘पूर्ण सहमत’ऐवजी ‘सहमत’वर खूण केलीत की सरासरी पाव गुणाने खाली येते. दोन प्रश्नांना तसं झालं की अर्धा गुण गेला. ऑफिसात फॉर्म भरताना जेवणाची वेळ जवळ आली असेल, घरी भरताना पोट भरलेलं असेल, एवढ्यानंही हा फरक पडतो. यात खोटेपणा कुठेच नाही. उलट दोन्ही वेळा आकडा साधारण त्याच पट्ट्यात आला, म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणेच भरलाय.

आता हा फॉर्म काय चीज आहे ते बघू. वर्णनावरून आणि प्रश्नांच्या संख्येवरून हा मोठ्या माणसांच्या खाण्याच्या वागणुकीचा, २०१६ साली लंडनमधल्या संशोधकांनी तयार केलेला फॉर्म वाटतो. त्याआधी २००१ मध्ये लहान मुलांसाठी असाच एक आला होता, तो आईवडिलांनी भरायचा. मोठ्यांच्या फॉर्मात आठ गोष्टी मोजतात. चार अन्नाकडे ओढणाऱ्या: भूक, अन्न दिसल्या-वास आल्यावर खावंसं वाटणं, खाण्यातला आनंद, आणि मन बिघडलं की जास्त खाणं. चार अन्नापासून मागे खेचणाऱ्या: पोट भरल्याची जाणीव, सावकाश जेवणं, खाण्यातला चोखंदळपणा, आणि मन बिघडलं की कमी खाणं. या यादीत ‘खादाडपणा’ नावाचं काही नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? तो शब्द तुम्ही घातलात, किंवा तुमच्या घरच्यांनी.

यातल्या बऱ्याच गोष्टी स्वभावासारख्या असतात. कुणाला गर्दीत बरं वाटतं, कुणाला नाही, तसंच कुणाला समोरच्या बशीकडे दुर्लक्ष करता येतं, कुणाला येत नाही. त्यात जनुकांचाही वाटा आहे. वजनाशी संबंध असलेलं एफटीओ हे जनुक २००७ मध्ये पुढे आलं, आणि पुढच्याच वर्षी असं दिसलं की त्याचा विशिष्ट प्रकार असलेल्या मुलांना पोट भरल्याची जाणीव थोडी कमी होते. म्हणजे तुमचा दोन हा आकडा सगळाच्या सगळा तुमच्या चारित्र्यातून आलेला नाही.

‘सगळाच्या सगळा’ असं मी मुद्दाम म्हटलं. कारण त्या दोनात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे, आणि ती तुमच्या पत्रातच सापडली. तुम्ही लिहिलंय, “रात्री साडेनऊला सगळं आवरताना मुलीच्या ताटात उरलेलं मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपवते. भूक नसते, पण टाकवत नाही.” आता ‘पोट भरल्याची जाणीव’ या भागात काय विचारतात ते आठवा. जेवण संपण्याआधीच पोट भरतं का, लवकर भरतं का, जेवणाच्या तोंडावर काही खाल्लं असेल तर जेवण जात नाही का, आणि ताटात बऱ्याचदा काही उरतं का. हा शेवटचा प्रश्न पोटाबद्दल आहे की संस्कारांबद्दल? ताटात काही टाकायचं नाही असं ज्याच्या अंगात मुरलंय, तो पोट तुडुंब भरलं तरी ‘नाही’वरच खूण करणार. मग त्याचा आकडा खाली जाणार आणि रिपोर्टमध्ये येणार, की याला पोट भरल्याचं कळत नाही. तुम्हाला तर कळतं. ‘भूक नसते’ असं तुम्हीच लिहिलंय. कळूनही तुम्ही खाता, ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा उपायही वेगळा आहे.

हा दोष त्या एकाच फॉर्मचा नाही. स्वतःबद्दल स्वतःच सांगायचं असं जे जे मोजमाप आहे, त्या सगळ्यांत ही भेसळ असते. मी स्वतः असा फॉर्म भरला तेव्हा ‘सावकाश जेवते’वर ठसठशीत खूण केली होती. घरच्यांना दाखवला तर सगळे हसत सुटले, कारण आमच्याकडे सगळ्यात आधी हात धुवायला मी उठते. मी खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. १९९२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेली दहा माणसं त्यात होती. त्यांनी सांगितलेलं खाणं आणि शरीरात झालेला ऊर्जेचा प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा घेतला, तेव्हा त्यांनी खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलेलं निघालं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. त्यांच्या चयापचयात दोष नव्हता. लोक या अभ्यासाचा दाखला ‘बघा, कसे खोटं बोलतात’ म्हणून देतात, तो मला पटत नाही. उभ्यानं खाल्लेला घास, चाखून बघितलेला चमचा, दुसऱ्याच्या ताटातलं उरलेलं, हे कुणाच्या खात्यावर मांडलंच जात नाही. तुमचं साडेनऊचं खाणं तरी तुमच्या डायरीत कधी आलं होतं का?

आता मुख्य प्रश्न: आकड्यांचा आणि वजनाचा संबंध. तो आहे, नाकारण्यात अर्थ नाही. फॉर्म तयार झाला तेव्हाच्या अभ्यासात, ज्यांना अन्न दिसलं की खावंसं वाटतं, खाण्यात आनंद वाटतो, मन बिघडलं की जास्त खाल्लं जातं, त्यांचा बीएमआय सरासरीने जास्त निघाला. ज्यांना पोट भरल्याचं लवकर कळतं, जे सावकाश जेवतात, मन बिघडलं की ज्यांचं जेवण तुटतं, त्यांचा कमी. पण हे हजारभर माणसांच्या घोळक्याबद्दलचं विधान आहे. उंच माणसांचं वजन साधारणपणे जास्त असतं, हेही घोळक्याबद्दल खरं आहे, म्हणून कुणी नुसती उंची ऐकून तुमचं वजन सांगू शकेल का? तसंच हे. धागा आहे, पण सैल. तुमची बहीण हा त्या सैलपणाचा चालताबोलता पुरावा आहे. तिलाही अन्न दिसलं की खावंसं वाटतं, पण दिवसभरात ते तिच्या नजरेस पडतंच किती? ती बसते किती, झोपते किती, औषधं कोणती घेते? बहिणी असलात तरी तुमची निम्मीच जनुकं सारखी आहेत. हे काहीच फॉर्ममध्ये नाही.

दुसरं असं की सल्लागारांनी कारण आणि परिणाम परस्पर ठरवून टाकले. एकाच दिवशी वजन घेतलं, त्याच दिवशी फॉर्म भरून घेतला. यातलं आधी काय आलं हे त्यावरून कसं कळणार? वजन वाढल्यावर, दहा माणसांनी दहा वेळा टोकल्यावर, तीन डाएट मोडल्यावर माणूस अन्नाचा विचार जास्त करायला लागतो, हेही तितकंच शक्य आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटामध्ये ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. त्या धडधाकट माणसांना दिवसरात्र अन्न सुचायला लागलं, ती पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. त्यांच्याकडून त्या दिवसांत तुमचा फॉर्म भरून घेतला असता, तर तुमचा ४.२५ त्यांच्यापुढे फिका पडला असता. डाएट चालू असताना किंवा नुकतं मोडलेलं असताना भरलेल्या फॉर्मकडे मी तरी थोडं संशयानंच बघेन.

म्हणून ‘आकडे तीनवर आणा’ हे मला अजिबात पटलेलं नाही. ताप उतरवायचा म्हणून थर्मामीटर पाण्यात बुडवण्यातला प्रकार झाला तो. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला कुठे खुणा करायच्या ते पाठच झालेलं असेल, आणि आकडा तीनवर येईल!

चौथ्या कडक डाएटबद्दल माझं उत्तर सरळ आहे: नको. १९७५ मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला. काही तरुणींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीमची चव बघायला बसवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत मोजूनमापून खाणाऱ्या मुलींनी मात्र उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस गेलाच आहे, तर मग आता कशाला हात आखडायचा! हे वाक्य तुमच्या ओळखीचं असणार. सात किलो उतरून नऊ चढतात, त्यातल्या वरच्या दोन किलोंत या वाक्याचाही हात असतो.

मग आवर घालायचाच नाही का? घालायचा, पण कसा, हे महत्त्वाचं. १९८५ मध्ये आलेल्या, ५१ प्रश्नांच्या एका जुन्या फॉर्ममध्ये खाण्यावर घातलेला आवर आणि तो सुटणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. पुढे १९९१ मध्ये असं मांडलं गेलं की आवरही दोन जातींचा असतो. एक ताठर: अमुक पदार्थ बंद म्हणजे बंद, एक घास चुकला की सगळं संपलं. दुसरा लवचीक: दुपारी जास्त झालं तर संध्याकाळी थोडं कमी, आवडीचं खायचं पण बेतानं. ताठर आवर घालणाऱ्यांचा तोल जास्त वेळा सुटतो आणि त्यांचं वजनही जास्त आढळतं. लवचीक असणाऱ्यांचं याच्या उलट. तुमची तिन्ही डाएटं पहिल्या जातीची होती, हे तुमच्या ‘सोमवारपासून साखर बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण बंद’ या ओळीवरूनच कळतं.

तर आता करायचं काय? तुमच्या रिपोर्टमधल्या तीन आकड्यांपैकी एकच धरा. मी तुमच्या जागी असते तर ‘मन बिघडलं की खाणं’ बाजूला ठेवलं असतं, कारण ते सगळ्यात अवघड, आणि सुरुवात अन्न दिसण्यापासून केली असती. नजर आवरण्यापेक्षा नजरेसमोरचं हलवणं सोपं. खाण्याच्या गोष्टी ओट्यावर, टेबलावर, ऑफिसच्या खणात उघड्यावर असतील तर त्या डब्यात, डबा कपाटात, कपाट शक्यतो दुसऱ्या खोलीत. हे बालिश वाटेल. पण ज्याला दिसलं की खावंसं वाटतं त्याच्यासाठी ‘न दिसणं’ हाच इलाज, आणि त्याला मनोबल लागत नाही. शिवाय खाण्याचा प्रकारही बघा. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया झालेलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, दोन्ही हवं तितकं खायची मुभा. वाढलेल्या अन्नात साखर, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते. तरी तयार अन्नाच्या दिवसांत तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती. माणसं तीच, स्वभाव तेच, समोरचं ताट बदललं. अशा माणसांना खादाड म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

दुसरं, दहा दिवसांसाठी एक छोटी वही. कॅलरी लिहू नका. तोंडात काही टाकण्याआधी फक्त दोन गोष्टी: भूक दहापैकी किती, आणि त्याआधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं. ‘भूक २, साहेबांचा फोन.’ ‘भूक ७, जेवणाची वेळ.’ ‘भूक १, मुलीचं ताट.’ लिहायचं राहिलं तर राहू द्या, मागाहून आठवून भरू नका. दहा दिवसांनी जिथे जिथे भूक तीनच्या खाली आहे तेवढ्याच ओळींवर खूण करा. ३५ प्रश्नांनी जे सांगितलं नाही ते तिथे दिसेल, कारण फॉर्म तुम्हाला ‘साधारणपणे’ कशा वागता ते विचारतो आणि खाणं नेहमी एखाद्या विशिष्ट वाजताच घडतं.

त्या ओळींमध्ये वारंवार ताण, राग, एकटेपणा दिसला तर ‘मन बिघडलं की खाणं’ या भागाकडे तेव्हा वळू. पण तिथे खाणं ही तक्रार नसते, तक्रार दुसरीच असते. झोप किती होते तेही लिहून ठेवा. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते, आणि तुमच्या पत्राच्या शेवटी रात्रीचे पावणेदोन वाजल्याचं लिहिलंय, ते मी वाचलं.

काही गोष्टींसाठी मात्र वही नको, डॉक्टर हवेत. थोड्या वेळात खूप खाल्लं जाणं, थांबवायचं म्हटलं तरी न थांबणं, लपून खाणं, नंतर स्वतःची किळस वाटणं, असं आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल, तर तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रात मला तसं दिसलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाला दिसेल. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची औषधं, इन्शुलिन यांनीही वजन वाढतं. मनाने औषध बंद करू नका, लिहून देणाऱ्यांना विचारा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. बीएमआय २९ हा दुर्लक्ष करण्यासारखा आकडा नाही, त्यामुळे रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर यांच्याकडे त्या फॉर्मपेक्षा जास्त लक्ष द्या.

यजमानांना काय सांगायचं? ते मनानं वाईट नसावेत, पण रिपोर्ट हा चेष्टेचा विषय झाला की तुम्ही त्यांच्यासमोर खाणं टाळाल आणि साडेनऊला ओट्यापाशी खाल. एकदा शांतपणे सांगा, जेवायला बसलेलं नसताना: “माझ्या ताटावर बोलू नकोस. मदत करायची असेल तर जेवणानंतरचं आवरायचं काम आठवडाभर तू घे.” दुसरा भाग टोमणा म्हणून सांगू नका, खरोखर मागा. मागचं आवरणं ज्याच्याकडे, उरलेलंही त्याच्याच तोंडी, हा साधा हिशेब आहे.

मुलीला फॉर्म देऊ नका. चौदाव्या वर्षी अंग वाढतंच, आणि त्या वयात घरात मिळालेलं लेबल माणूस फॉर्मपेक्षा जास्त काळ बाळगतो. काळजी वाटत असेल तर तिच्या डॉक्टरांकडे वाढीचा तक्ता बघून घ्या, तिच्यासमोर चर्चा न करता. घरात एक बदल मात्र तिच्यापासूनच करता येईल: तिचं ताट तिला वाढून घेऊ द्या. तुम्ही वाढता त्यापेक्षा ती कमी घेईल. ‘एवढंच?’ असं म्हणू नका. पुन्हा हवं असेल तर ती घेईल. ताटात उरणारच नाही, म्हणजे साडेनऊला ओट्यापाशी संपवायलाही काही राहणार नाही.

आणि सल्लागारबाईंकडे तीन महिन्यांनी जायचं ठरलंच असेल तर जरूर जा. फॉर्म पुन्हा भरायला सांगितला तर पोटभर जेवून भरा, आणि सोबत ती वही न्या. त्यांनी ती उघडून वाचली तर बाई चांगल्या आहेत.